खारट पाण्याचं चाक

फॅक्स चार ओळींचा होता. 'आपण पुरविलेले चाक लोकल दर्जाचे व सदोष असल्याने काढून ठेवण्यात आले आहे. यापुढे प्रकल्प चाकाविना चालविण्यात येईल.' खाली सही, तीही कुणाची ते कळू नये अशी. मी तो कागद दोनदा वाचला आणि माझं डोकंच फिरलं. लोकल दर्जा म्हणे! कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं पंपांचे भाग बनतात. निम्म्या महाराष्ट्राच्या विहिरींवर ते फिरताहेत आणि हा कोण कुठला आम्हाला दर्जा शिकवतोय!

"सुम्मनं, गप बस गं, भूमिका," अप्पा म्हणाले. अप्पा म्हणजे माझे वडील, शिवाप्पा. आमचं मूळ गाव सीमेकडचं, त्यामुळे घरात निम्मं कन्नड आणि राग आला की सगळंच कन्नड. "धा कामं चांगली झाली, एक बाद झालं. म्होरचं बग."

"बाद झालं नाही अप्पा, त्यांनी बाद ठरवलं."

भाऊसो मिस्त्रींनी माझ्या हातातून फॅक्स घेतला. भाऊसो कांबळे आमचे पॅटर्न मिस्त्री. कुठलीही वस्तू ओतायच्या आधी तिचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा माणूस. माझ्या जन्माच्या आधीपासून ते आमच्याकडे आहेत. कागद त्यांनी सावकाश वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि फक्त एवढंच विचारलं, "चाक न्हाय म्हंजे प्लांट जनरेटरवर चालनार न्हाय. बरोबर का, ताई?"

"बरोबर."

"म्हंजे सोनमच्या नळाला पानी न्हाय."

सोनम त्यांची एकुलती एक मुलगी. तिला दिली होती गगनबावड्याचा घाट उतरून पुढं दोन तासांवर, अगदी समुद्राला लागून असलेल्या खाजणवाडीत. पावसाळ्यात तिथं पाण्याला तोटा नाही, पण फेब्रुवारी लागला की विहिरी मचूळ होतात. म्हणून सरकारनं समुद्राचं पाणी गोडं करायचा छोटा प्रकल्प तिथं बसवला होता. गावाची पाइपलाइन वरच्या वाडीतून सुरू होते आणि बौद्धवाडीत संपते. त्या लाइनीवरचा अगदी शेवटचा नळ सोनमच्या दारात आहे.

हे चाक काय आहे ते सांगितल्याशिवाय माझा राग कुणाला कळायचा नाही. समुद्राचं पाणी गोडं करायचं तर ते एका बारीक पडद्यावर प्रचंड दाबानं ढकलावं लागतं. घरच्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी जेवढा दाब असतो त्याच्या साठपट. शंभर लिटर ढकललं की पस्तीस लिटर गोडं होऊन पलीकडे जातं. उरलेलं पासष्ट लिटर अलीकडेच राहतं, आणखी खारट होऊन. पण त्या खारट पाण्यातला दाब कुठंही गेलेला नसतो, तो जवळजवळ सगळा शिल्लक असतो. ते पाणी तसंच समुद्रात सोडायचं म्हणजे पेटत्या चुलीवर घागर ओतायची. त्यापेक्षा त्याची धार एका चाकावरच्या वाट्यांवर मारायची. चाक फिरतं, पंपाच्या मोटारीला हातभार लावतं. खाजणवाडीचा पंप सत्तर हॉर्सपॉवर मागायचा आणि चाक त्यातले पंचवीस परत द्यायचं. म्हणूनच तिथं पन्नासचाच जनरेटर घेतला होता. त्या वर्षी, दोन हजार पाच साली, खेड्यापाड्यात दिवसाचे आठ-दहा तास वीज नसायची. चाक असेल तर जनरेटर पंप ओढणार, नसेल तर पंप सुरू होताच बंद पडणार, इतका सरळ हिशेब.

परदेशातून आलेलं मूळ चाक दोन वर्षांत झिजून गेलं. नवं येईना. तेव्हा सोनमनंच प्लांटवर सांगितलं, माझे बाबा करून देतील. झिजकं चाक पोत्यात घालून आमच्याकडं आलं. ताटाएवढं चाक, कडेनं वीस जोडवाट्या, प्रत्येक दोन बोटं रुंद. उद्यमनगरात नकाशा कमी आणि नमुना जास्त चालतो. गिऱ्हाईक तुटका-झिजका भाग आणून टाकतं, मिस्त्री तो फिरवून फिरवून बघतो, जिथं झिजलंय तिथं अंदाजानं भरून घेतो आणि नव्याहून नवा करून देतो. या भरून घेण्याचा आम्हाला कोण अभिमान! तरी मी प्लांटकडे नकाशा तीनदा मागितला होता. तिन्ही वेळा उत्तर एकच, कागद उपलब्ध नाहीत. भाऊसोंनी अठरा दिवस घेतले. एवढं देखणं चाक आमच्या कारखान्यातून पूर्वी कधी गेलं नव्हतं. इंजिनिअर म्हणून ते मी तपासलं आणि माझ्या सहीनं बाहेर पाठवलं.

आणि ते काढून ठेवलं होतं!

"अप्पा, मी टेम्पो घेऊन जातेय," मी म्हणाले. "मिस्त्री, तुम्ही येताय?"

भाऊसोंनी हत्यारांची पिशवी आधीच भरली होती.

प्लांटवर पोचलो तेव्हा शुक्रवारची दुपार झाली होती. आमचं चाक शेडच्या भिंतीला टेकून ठेवलं होतं आणि त्याच्यावर कुणाचा तरी ओला टॉवेल वाळत होता. आत वीज होती म्हणून पंप चालू होता आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी येत होती. चाकाच्या जागी एक व्हॉल्व्ह बसवलेला, त्यातून ते दाबाचं खारट पाणी चेंगरून गटारात सोडलं जात होतं. सत्तरातले पंचवीस घोडे नुसती शिट्टी वाजवत होते. मला त्या व्हॉल्व्हला लाथ घालावीशी वाटली.

साइट इंजिनिअर साहेब खुर्चीतून उठले नाहीत. "तुमचं चाक थरथरतं," ते म्हणाले. "पंचवीसच्या जागी बारासुद्धा देत नाही. जनरेटर दोन मिनिटांत ट्रिप."

"का थरथरतं ते बघितलंत?"

"ते बघणं माझं काम नाही."

मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांच्या मागच्या काचेच्या कपाटाकडं माझं लक्ष गेलं. फायलींच्या बाजूला एक जाडसर पुस्तिका उभी होती आणि तिच्या मुखपृष्ठावर चाकाचं चित्र होतं. मी विचारलं नाही. सरळ कपाट उघडलं आणि पुस्तिका काढली. आत पानभर नकाशा होता, प्रत्येक मापासकट.

"हे उपलब्ध नव्हतं का?" माझा आवाज शेडभर घुमला. "तीन पत्रं पाठवली मी! तीन!"

"ते इंग्रजीत नाहीये," साहेब म्हणाले. "तुम्हाला काय कळणार म्हणून..."

"माप कुठल्या भाषेत असतं हो?"

मी आणखी बोलले असते, पण भाऊसोंनी माझ्या हातातली पुस्तिका घेतली होती आणि ते एका जागी बोट ठेवून उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. नकाशात प्रत्येक वाटीच्या बाहेरच्या ओठाला मधोमध एक खाच होती, करंगळीच्या नखाएवढी. आमच्या चाकाच्या वाट्या गोल, अखंड, गुळगुळीत होत्या. झिजक्या चाकाच्या वाट्यांचे ओठ वेडेवाकडे खाल्ले गेले होते, आणि भाऊसोंनी झिजेबरोबर खाचही भरून टाकली होती. वीसच्या वीस. त्या खाचेतून धार पुढच्या वाटीवर जायची असते. खाच नाही म्हटल्यावर धार ओठावर आपटत होती आणि चाक थरथरत होतं.

आणि मी? मी काय करत होते? कॉलेजात या चाकाची आकृती मी परीक्षेत काढली होती, खाचेसकट, दहापैकी नऊ मार्क पडले होते. पण कारखान्यात उभं राहिल्यावर मिस्त्रींच्या हाताकडं बघत राहिले आणि डोकं गहाण टाकून सही केली. साहेबावर ओरडताना माझा निम्मा राग माझ्यावरच होता, हे कबूल करायला पाहिजे.

भाऊसोंनी पुस्तिका मिटली आणि ते साहेबांच्या टेबलासमोर गेले. "सायेब, चूक माझी हाय. खाच व्हती, मी झीज समजून भरली. मला दोन दिस द्या. हितंच बसून कापून देतो."

मला वाटलं, एवढं सरळ बोलणाऱ्या माणसापुढं कुणीही विरघळेल. साहेब विरघळले नाहीत. "आता विषय संपलाय. वर कळवून झालंय. वीज असते तेव्हा प्लांट चालतोच ना? आणि खरं सांगू का, चाक नसलं की कटकट नाही. बिघडायला काही उरतच नाही."

"आणि वीज नसते तेव्हा?" मी म्हटलं.

"तेव्हा सगळ्याच महाराष्ट्रात नसते."

एवढं बोलून त्यांनी बॅग उचलली. दर शुक्रवारी ते घरी जात आणि सोमवारी परत येत. प्लांट दोन दिवस ऑपरेटरच्या हवाली असे.

आम्ही सोनमकडे गेलो. तिच्या दारातला नळ पितळेचा होता, नवा कोरा, पाणीच आलं नाही तर झिजणार कसा? खाली हंडा उपडा ठेवलेला. संध्याकाळी मी तिच्याबरोबर पाण्याला गेले. खाजणाच्या बांधावरून जाऊन पलीकडच्या गोड्या विहिरीवर, येताना डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी. दुसऱ्याच फेरीला माझी मान दुखायला लागली. सोनम अशा पाच फेऱ्या रोज करत होती, अंगणवाडीचं काम सांभाळून.

"आमच्याकडं दाब पोचत न्हाय म्हनत्यात," घरी आल्यावर ती म्हणाली. "प्लांट धा तास सलग चालला तर वरची टाकी भरंल आनि मग खाली येईल. म्हनून तर मी बाबाचं नाव सांगितलंतं. अख्ख्या वाडीत सांगत फिरलेते, माझ्या बाबाचं चाक येतंय, आता पानी येतंय." ती थोडं थांबली. "आता बायका मला बघून गप्प हुत्यात. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

भाऊसो ओसरीवर बसून हे ऐकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

शनिवारी सकाळी ते प्लांटवर जाऊन ऑपरेटरसमोर उभे राहिले. ऑपरेटर गावचाच, वरच्या वाडीतला. त्यानं आधी नाही म्हटलं, मग शिट्टी मारणाऱ्या त्या व्हॉल्व्हकडं बघितलं. "दोन महिने हा आवाज ऐकतोय मी," तो म्हणाला. "घरी गेलो तरी कानात असतो. बसवा तुमचं चाक. साहेबांना मी सांगेन काय ते."

मी नकाशावरून पत्र्याचा साचा कापला. भाऊसोंनी तो एकेका वाटीवर धरून रेघ मारली आणि लहान ग्राइंडर हातात घेतला. स्टेनलेसचं ओतीव, लोण्यासारखं थोडंच कापलं जाणार? एका खाचेला पाऊण तास लागला. मग कानस, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा माप. मी प्रत्येक खाच मोजत होते. अकराव्या वाटीला त्यांचा अंगठा कापला, त्यावर त्यांनी चिंधी बांधली आणि बारावी घेतली. रविवारी दहा वाजता विसावी खाच झाली. दोन पट्ट्यांवर आस ठेवून चाकाचा तोल बघितला, आणि मग ते बसवलं.

तेवढ्यात वीज गेली. बरंच झालं, आम्हाला जनरेटरच तपासायचा होता. ऑपरेटरनं तो चालू केला, मग पंप. जनरेटर गुरगुरला, धूर सोडला, आता बसतोय की काय असं वाटलं. मग खारट पाणी चाकावर आलं आणि आवाज बदलला. शिट्टी नाही, थरथर नाही, सरळ एका सुरातला घुमारा. मीटरचा काटा खाली आला आणि स्थिरावला. मी हिशेब केला, चाक तेवीस हॉर्सपॉवर देत होतं. भाऊसोंनी पंपाच्या बुडावर तळहात ठेवला आणि किती तरी वेळ काढला नाही.

"पळतंय की," एवढंच म्हणाले.

वाडीतल्या बायकांनी हंडे मांडले. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले. पितळी नळातून हवासुद्धा आली नाही. सोनम दर पंधरा मिनिटांनी तोटी फिरवून बघत होती, आणि आता तिच्याकडं कुणी बघायचंच टाळत होतं.

"कुठं तरी गळत असंल," भाऊसो म्हणाले आणि उठले. आम्ही पाइपलाइनीच्या कडेनं वर चालत गेलो. गळती कुठंच नव्हती. वरच्या वाडीत पोचलो तर टाकी भरून वाहत होती. बारा वाजल्यापासून वाहतेय, असं तिथल्या एका बाईनंच सांगितलं. गोडं पाणी, समुद्रातून साठपट दाबानं पिळून काढलेलं, पायऱ्यांवरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून गटारात जात होतं. एक म्हैस त्यात बसली होती.

टाकीपासून वीस पावलांवर जांभ्याची एक चिरेबंदी पेटी होती, वर दगडी झाकण. भाऊसोंनी ते सरकवलं. आत बौद्धवाडीकडं जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह होता, घट्ट बंद केलेला. त्याचं फिरवायचं चक्र काढून नेलं होतं, नुसता चौकोनी दांडा वर आला होता. भाऊसो गुडघ्यावर बसले.

"ताई, ह्या चौकोनाच्या कडा बगा. गंज हाय का? न्हाय. चकाकत्यात. रोज कोन तरी चावी लावतंय ह्याला."

मला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा कानशिलं तापली. दाब पोचत नाही, तास कमी पडतात, लाइन लांब आहे. दोन वर्षं ही सगळी वाडी हेच ऐकत होती आणि खरं मानत होती. चाक खाचेचं असो की बिनखाचेचं, सोनमच्या नळाला त्यानं काही फरक पडणार नव्हता! आम्ही पंचवीस घोड्यांसाठी घाट उतरून आलो, बोटं कापून घेतली, आणि इथं पाणी अडवायला एका माणसाचं मनगट पुरत होतं.

भाऊसोंनी पिशवीतून पाइपपाना काढला, दांड्याला लावला आणि अंगाचा भार टाकला. आत पाणी सुटल्याचा आवाज झाला. तेवढ्यात पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ घाईघाईनं आले. त्यांना सगळे आण्णा म्हणत. ते पाणी समितीचे.

"काय चाललंय? समितीनं ठरवलेलं आहे, वरची टाकी भरल्याशिवाय खाली सोडायचं नाही."

"टाकी दुपारपासून वाहतेय!" मी ओरडले. "म्हशी लोळताहेत त्यात! डोळे आहेत का तुम्हाला?"

"वाहू दे. कधी सोडायचं ते आम्ही बघू. चावी माझ्याकडं असते." मग ते भाऊसोंकडं वळले, अगदी शांतपणे. "पाहुणे, आज उघडलंत, ठीक आहे. उद्या तुम्ही कोल्हापूरला."

भाऊसो उभे राहिले. ते भांडतील असं मला वाटलं, भांडावं असं मला फार वाटत होतं. ते म्हणाले, "व्हय. उद्या मी कोल्हापूरला." मग पुन्हा खाली वाकून त्यांनी पिशवीतून मापाचा कॅलिपर काढला, त्या चौकोनी दांड्याला चारी बाजूंनी लावला, वर आणि खाली, आणि मापं फॅक्सच्या पाठीवर लिहून घेतली. आण्णांना ते काय चाललंय हे कळलं नाही. मलाही नाही.

खाली आलो तेव्हा सोनमचा नळ वाहत होता. आधी तांबूस पाणी आलं, मग खोकल्यासारखी हवा, मग स्वच्छ. तिनं ओंजळ धरली आणि आधी बाबांना दिली. मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला. नळाला पाणी येणं ही काय रडण्यासारखी गोष्ट आहे?

सोमवारी आम्ही परतलो. साहेबांनी त्याच दिवशी वर कळवलं की चाकाची दुरुस्ती त्यांनी जागेवर करवून घेतली आहे आणि प्रकल्प पूर्ण क्षमतेनं सुरू आहे. मंगळवारी सोनमचा फोन आला, नळ कोरडा होता.

भाऊसोंनी लाकूड आधीच निवडलं होतं. एका दिवसात नमुना झाला. आडवी मूठ, खाली लांब दांडा, त्याच्या टोकाला चौकोनी खोबण. मी माप तपासलं, मग पुन्हा तपासलं. अप्पा बाहेरून आले आणि भट्टीजवळ थांबले.

"ह्ये काय? कुनाची ऑर्डर?"

"माझी," भाऊसो म्हणाले. "व्हॉल्व्हच्या चाव्या. बावीस."

"बावीस कशाला? व्हॉल्व्ह तर एक हाय."

"घरं बावीस हाईत."

अप्पांनी सगळी हकीकत माझ्याकडून ऐकली. टाकी वाहत होती तिथपर्यंत आल्यावर ते कन्नडमध्ये बोलायला लागले, आणि ते इथं लिहिता येणार नाही. मग भट्टीवाल्याला म्हणाले, "तीस ओत. एखादी हरवली तर?"

भाऊसो स्वतः पोतं घेऊन एसटीनं गेले. पंधरा दिवसांनी मी सोनमला फोन लावला, नळाचं विचारलं.

"येतंय की," ती म्हणाली. "पयल्या दिशी आण्णांनी तीनदा व्हॉल्व्ह बंद केला. आमच्या बायका तीनदा वर गेल्या. चौथ्यांदा आण्णा झाकनावर बसूनच ऱ्हायले, तर आमच्या वाडीतल्या तानाबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या, चावी मांडीवर घेऊन. अंधार पडायच्या आधी तेच उठले."

"आता बंद करत नाहीत ना?"

"करत्यात की," सोनम म्हणाली. "आमी बी उघडतोय की."